केकवरील पुष्पविचार

मराठी घरात फुलांचे तीन वर्ग परंपरेने चालत आलेले दिसतात: देवाची फुले, डोक्याची फुले आणि ताटाची फुले. देवाची फुले न हुंगता देवघरात जातात, डोक्याची फुले गजरा किंवा वेणी होऊन केसांत बसतात, आणि ताटाची फुले डाळीच्या पिठात घोळली जाऊन भजी किंवा भाजीच्या रूपाने पोटात जातात. या वर्गांच्या सीमा इतक्या काटेकोर आहेत की, देवासाठी खुडलेले फूल नाकाला लावणाऱ्या मुलाला बसणारा धपाटा आणि केळफूल केसांत माळण्याची कल्पना काढणाऱ्याला मिळणारी नजर, या दोहोंमागे एकच शास्त्र उभे असते. वाढदिवसाचा केक मात्र या शास्त्राला जुमानत नाही. त्याच्या माथ्यावरचे फूल देवाच्या फुलासारखे मांडलेले, डोक्याच्या फुलासारखे मिरवणारे आणि ताटाच्या फुलासारखे सुरीखाली येणारे असते. ते एकाच वेळी तिन्ही वर्गांत मोडते आणि म्हणूनच कोणत्याही वर्गात धड बसत नाही. मेणबत्त्या विझल्यावर आणि टाळ्या ओसरल्यावर केकभोवती जी एक क्षणाची शांतता पसरते, ती भावनावेगाची नसून या वर्गीकरणातल्या गोंधळाची असते, असे मानण्यास पुरेसा आधार आहे.

हा गोंधळ तपासण्यास बालाघाट जिल्ह्यातील भरवेली हे गाव विशेष योग्य ठरते, कारण वर्गीकरण हाच या गावाचा मूळ धंदा आहे. येथील मँगनीजची खाण आशियातील सर्वांत मोठी भूमिगत मँगनीज खाण म्हणून ओळखली जाते, आणि ती चालवणारी मॉयल ही सरकारी कंपनी १९६२ साली स्थापन झाली असून तिचे मुख्यालय नागपुरात आहे. १९५६ पर्यंत बालाघाट आणि नागपूर एकाच प्रांतात होते. राज्यपुनर्रचनेत नागपूर एकीकडे गेले आणि भरवेली दुसरीकडे राहिली, तरी खाणीचा कारभार, सोयरीक आणि झाडीपट्टीतली मराठी यांनी ती सीमा फारशी मनावर घेतली नाही. खाणीतून वर येणारा प्रत्येक काळा दगड मँगनीजचा असतोच असे नाही. खनिज कोणते आणि टाकाऊ दगड कोणता हे निवडण्याच्या कामाला छाटणी म्हणतात, आणि ती अनुभवी डोळ्याने व हातावरच्या वजनाच्या अंदाजाने होते. जे गाव काळ्यातून काळे निवडते, त्याने केकवरच्या लालातून लाल निवडायला हरकत नव्हती. परंतु दगडाच्या बाबतीत चोखंदळ असणारा माणूस फुलाच्या बाबतीत कमालीचा भोळा असतो, हे या विषयातील पहिले निरीक्षण होय.

या भोळेपणाचे कारण असे की, जे फूल घरात रोज येते ते निरुपद्रवीच असणार, असा समज सर्वत्र दृढ आहे. आणि घरात रोज येणारी फुले प्रामुख्याने देवाची असतात. देवांची आवड मात्र या बाबतीत माणसांना मुळीच अनुकूल नाही. शंकराला धोतरा आणि कण्हेर चालते, मारुतीला रुईची माळ घालतात, आणि ही तिन्ही झाडे विषारी आहेत. कण्हेरीतील द्रव्ये थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात, मग ती पांढरी असो, गुलाबी असो, की बिट्टी म्हणून ओळखली जाणारी पिवळी. धोतऱ्याने भ्रम होतो. रुईचा चीक कातडीला आणि डोळ्यांना जाळतो. अंगणात बारमाही फुलणारी आणि केकवर शोभून दिसेल अशा पाच सुबक पाकळ्यांची सदाफुली कर्करोगावरील व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिन्ब्लास्टीन या औषधांचा स्रोत आहे. आणि ज्या झाडापासून इतके जालीम औषध निघते, त्याची फुले पाहुण्यांच्या तोंडात जाऊ नयेत, एवढा तर्क औषधशास्त्र न शिकताही करता येतो. पावसाळ्यात जंगलाच्या कडेला ज्वाळेसारखी उमलणारी कळलावी तर मुळापासून पाकळीपर्यंत विषारी आहे. तात्पर्य, जे देवाला चालते ते केकला चालेलच असे नाही. नीलकंठाने हलाहल पचवले ही गोष्ट खरी असली, तरी ज्याचा वाढदिवस आहे तो मुलगा नीलकंठ नसतो, आणि असल्यास तो केवळ नावापुरता असतो.

यावर सुशिक्षित मंडळी गुलाबाचा तोडगा सुचवतात, कारण गुलकंद खाऊन कोणाला काही झाल्याचे ऐकिवात नाही. येथे वनस्पती आणि तिचे पालनपोषण यांत भेद करावा लागतो. गुलकंदासाठी वाढवलेला गावठी गुलाब आणि फुलवाल्याकडील लांब दांड्याचा गुलाब हे नात्याने भाऊ असले, तरी त्यांचे शिक्षण वेगळ्या शाळांत झालेले असते. गुच्छाचे फूल पाहण्यासाठी पिकवले जाते, त्यामुळे त्यावर कीटकनाशके आणि बुरशीनाशके फवारताना ते कोणी खाईल हा विचार कोणाच्या मनात येत नाही. त्यांतील काही औषधे आंतरप्रवाही असतात, म्हणजे ती झाडाच्या रसातून पाकळीच्या आत पोचलेली असतात, आणि नळाखाली धरून फूल कितीही धुतले तरी जात नाहीत. जर्बेरा आणि शेवंतीच्या गुच्छांनाही हाच नियम लागू पडतो. जिप्सोफिला, म्हणजे गुच्छात भरणीला घालतात ती पांढरी बारीक फुले, यांत तर औषध न फवारताही पोट बिघडवणारी फेसाळ द्रव्ये असतात. आणि तरीही केकच्या कडेला नेमकी हीच फुले नवरीच्या मैत्रिणींसारखी ओळीने उभी केलेली आढळतात. सुरक्षित फुलाची व्याख्या म्हणूनच चार अटींची आहे: जात नक्की माहीत असावी, त्या जातीचा तोच भाग खाण्याजोगा असावा, ते खाण्यासाठीच पिकवलेले असावे, आणि परागकणांचा त्रास होणाऱ्यांचा विचार करून त्यातील पुंकेसर काढून टाकलेले असावेत. दुसरी अट किती महत्त्वाची आहे हे गोकर्णावरून कळते. त्याच्या निळ्या पाकळ्यांचा चहा जगभर पितात, पण त्याचे बी रेचक आहे, आणि वाढदिवसाच्या पंगतीत रेचकाचा प्रयोग कोणत्याही यजमानाला परवडणारा नसतो.

वास्तविक भरवेलीच्या परिसराला खाण्याच्या फुलांची वाण कधीच नव्हती. हादग्याची फुले, ज्यांना वैदर्भी बोलीत हेट्याची फुले म्हणतात, शेवग्याचा फुलोरा, भोपळ्याची पिवळी फुले, सोलायला बसले की हात काळे करणारे केळफूल, सरबताला लाल रंग देणारी अंबाडीची बोंडे, ही सर्व मंडळी पिढ्यान्‌पिढ्या परीक्षा उत्तीर्ण होत आलेली आहेत. या सर्वांचा राजा म्हणजे मोहफूल. चैत्राच्या आसपास पहाटे ही मलईच्या रंगाची गुबगुबीत फुले टपटप गळतात, लोक उजाडायच्या आत ती वेचतात, अस्वले त्याहून आधी येतात, आणि वाळवल्यावर त्यांत इतकी साखर उरते की वेगळ्या साखरेवाचून त्यांचा गोड पदार्थ होऊ शकतो. केकच्या माथ्यावर बसण्याची याहून मोठी पात्रता कोणत्या फुलाची असेल? परंतु मोहफुलाचे चारित्र्य समाजाने दारूच्या बाटलीवरून ठरवलेले आहे. मुंबई इलाख्यात १८९२ साली या फुलासाठी स्वतंत्र कायदा करण्यात आला होता, आणि पुढे १९४९ च्या दारूबंदी कायद्यातही त्याचा नामनिर्देश झाला; गुलाबाच्या नशिबी कविता आल्या आणि मोहाच्या नशिबी कलमे आली. साहजिकच वाढदिवसाच्या केकवर मोहफुले दिसली, तर पाहुणे ती खाण्यास तयार होतील, परंतु यजमानाच्या हेतूविषयी रात्रभर चर्चा करतील. राहता राहिली हेट्याची आणि भोपळ्याची फुले. त्यांच्यावर भाजीचा शिक्का इतका पक्का बसलेला आहे की, त्यांना पाहून मुले केक सोडून पळतील आणि आजोबा भाकरी मागतील.

अशा रीतीने खरे फूल एक तर विषारी, नाही तर औषध मारलेले, नाही तर भाजीचे ठरल्यावर मनुष्य खोट्या फुलाकडे वळतो, म्हणजे साखरेचे फूल घडवू लागतो. यासाठी लागणाऱ्या पिठाला गमपेस्ट म्हणतात. पिठीसाखर मळून तीत डिंकासारखा चिकटपणा आणणारे द्रव्य घातले की ती कागदासारखी पातळ लाटता येते आणि वाळल्यावर कडक होते. पूर्वी हे द्रव्य म्हणजे ट्रॅगाकांथ नावाचा इराणकडचा डिंक असे, आणि त्याला पर्याय म्हणून जो कराया डिंक जगाच्या बाजारात गेला, तो मध्य प्रदेशातल्या जंगलांतही मिळणाऱ्या कुल्लूच्या झाडाचा. आता त्याची जागा टायलोज किंवा सीएमसी या नावाने विकल्या जाणाऱ्या पांढऱ्या पुडीने घेतली आहे. ती झाडांतील सेल्युलोजपासून बनवतात, आणि तयार फॉन्डंटच्या, म्हणजे साखरेच्या मऊ लगद्याच्या, पाव किलोला तिचा एक लहान चमचा पुरतो. तीच पूड थोड्या पाण्यात विरघळवली की पाकळ्या चिकटवण्याची खळ तयार होते. अंड्याचा पांढरा बलक वापरणाऱ्या कृती जुन्या आहेत, पण कच्च्या अंड्यात जंतूंचा धोका असतो आणि अनेक घरांत अंड्याला उंबऱ्याच्या आत प्रवेश नसतो. जिलेटिन प्राण्यांपासून येते हे कळल्यावर तेही उंबऱ्याबाहेर जाते आणि त्याच्या जागी आगर-आगर येते. परिणामी भारतीय साखरफूल जगातील सर्वांत सोवळे फूल ठरते. बिनअंड्याच्या आयसिंगला कमी लेखणाऱ्यांनी पुण्याच्या प्राची धबल देब यांचे काम पाहावे. त्यांनी अंड्यावाचून केलेल्या रॉयल आयसिंगमधून मिलानच्या कॅथेड्रलची सुमारे १०० किलोची प्रतिकृती उभी केली होती.

साखरेचा गुलाब करण्याची पद्धत धार्मिक विधीइतकीच क्रमबद्ध आहे. आदल्या दिवशी काडीवर थेंबाच्या आकाराची कळी करून वाळवत ठेवतात. दुसऱ्या दिवशी पाकळ्या कापून, मऊ गादीवर ठेवून, गोल टोकाच्या काडीने त्यांच्या कडा पातळ करतात, आणि मग कळीभोवती पहिल्या फेरीत ३, दुसरीत ५ आणि तिसरीत ७ पाकळ्या गुंडाळतात. दक्षिणेप्रमाणे येथेही विषम संख्याच शुभ मानली जाते, ही गोष्ट ज्या कोणा परदेशी कारागिराने ठरवली त्याला भटजींचा सल्ला मिळाला असावा असे वाटते. या क्रियेतील एकमेव अभक्ष्य वस्तू म्हणजे तार. पाकळ्या तारेवर बसवल्या तर फूल डौलदार दिसते, पण तार थेट केकमध्ये खोचणे वर्ज्य आहे. ती खाद्यपदार्थांसाठी योग्य अशा नळीत बसवून नळी केकमध्ये रोवावी, आणि फुलात तार आहे हे यजमानाला स्पष्ट शब्दांत सांगावे, असा नियम आहे. नियमाचा उत्तरार्ध बहुधा पाळला जातो, परंतु यजमान ते मेणबत्त्या शोधण्याच्या गडबडीत ऐकतो, आणि पुढे तार सापडते ती नेहमी घरातल्या सर्वांत तोंडाळ पाहुण्याला.

हे सारे शिक्षण मराठी बायकांना शिबिरातून घ्यावे लागते, हा काळाचा विनोद होय. ज्या समाजात गव्हाच्या पिठाच्या चिमटीएवढ्या गोळीपासून बोटांच्या दोन पेरांत गव्हले, नखुले आणि फुलाचेच नाव धारण करणाऱ्या मालत्या वळल्या जात, आणि त्या लग्नाच्या रुखवतात मांडून नंतर खिरीत शिजवल्या जात, त्या समाजाला खाण्याजोगी शोभा ही कल्पना नवी नव्हती. संक्रांतीला नव्या सुनेला आणि बोरन्हाणाच्या बाळाला घालण्याचे हलव्याचे दागिने हा तर या कलेचा कळस. मंद आचेवरच्या परातीत खसखशीवर किंवा साबुदाण्यावर थेंब थेंब पाक सोडत, तळव्याने हलवत, काटा फुलवण्याचे ते काम ज्यांनी केले, त्यांना गमपेस्टची पाकळी अवघड जाण्याचे कारण नाही. फरक इतकाच की, मालत्यांची शेवटी खीर होत असे आणि हलव्याचे दाणे दोऱ्यातून सोडवून मुले खात असत. त्या कलाकृतीला आपण खाल्ले जाणार आहोत हे पहिल्यापासून ठाऊक असे. केकवरच्या फुलाला ते कोणी सांगितलेले नसते.

भरवेलीच्या हवामानाचाही या कलेशी उघड वाद आहे. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि लोणी तिशीतच हातपाय गाळते, त्यामुळे बटरक्रीमचा गुलाब त्या दिवसांत सकाळी कळी, दुपारी फूल आणि संध्याकाळी कढी अशा तीन अवस्थांतून जातो. वनस्पती तेलापासून केलेले व्हिप क्रीम थोडा अधिक काळ धीर धरते, म्हणून दुकाने तेच वापरतात. गमपेस्टचे फूल उन्हाळा निभावते, पण साखर हवेतील ओल शोषून घेते, म्हणून श्रावणात तेच फूल हळूहळू मान टाकते आणि फ्रिजमधून बाहेर काढताच त्याला घाम फुटतो. खऱ्या फुलाची हुबेहूब नक्कल करण्याचा हा त्याचा अखेरचा आणि सर्वांत यशस्वी प्रयत्न असतो. उरला हिवाळा, परंतु वाढदिवस हिवाळ्यातच यावेत अशी सोय करणे प्रत्येक कुटुंबाला जमतेच असे नाही. शिवाय फुलांचा केक बालाघाटच्या दुकानातून भरवेलीला येतो तो मोटारसायकलवर, मागे बसलेल्याच्या मांडीवर, आणि समोर मँगनीजचा ट्रक असतो. त्या प्रवासात पाकळ्या गळतात, पण नवीन काळे पराग मोफत मिळतात.

पण काळ्या धुळीला घाबरणारा माणूस सोनेरी धुळीला भुलतो, आणि या विषयातील खरा धोका तिथेच आहे. साखरफुलावर ब्रशने जी चमकती पूड फिरवतात तिला लस्टर डस्ट म्हणतात, आणि तिच्या डबीवर दोहोंपैकी एक शब्द असतो: खाद्य किंवा नॉन-टॉक्सिक. दुसरा शब्द वाचून गिऱ्हाईक निश्चिंत होते. वास्तविक नॉन-टॉक्सिक हा शब्द मुलांच्या रंगीत खडूंच्या पेटीवरही असतो, म्हणून कोणी खडूंची उसळ करत नाही. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात अशी दोन उदाहरणे आहेत: ऱ्होड आयलंडमध्ये २०१८ साली गुलाबी-सोनेरी चमक दिलेला वाढदिवसाचा केक खाऊन ६ मुलांना उलट्या झाल्या, कारण ती चमक तांब्याची भुकटी होती, आणि मिसूरीत २०१९ साली पहिल्या वाढदिवसाच्या केकनंतर एका बाळाच्या रक्तात शिसे आढळले, तेव्हा फुलांवर लावलेल्या पिवळ्या पुडीत एक चतुर्थांश शिसे निघाले. त्या पुडीचे नाव एका नाजूक फुलाच्या पाकळीवरून ठेवलेले होते. हे पाप नवेही नाही आणि परदेशीही नाही. इंग्लंडातील ब्रॅडफर्डमध्ये १८५८ साली गोळ्यांत चुकून सोमल पडून सुमारे २० माणसे दगावली, आणि २०२४ साली तामिळनाडूने म्हातारीच्या केसांवर बंदी घातली ती कपड्यांचा गुलाबी रंग त्यांत सापडल्यामुळे. भारतात खाण्यासाठी मोजकेच कृत्रिम रंग मान्य आहेत, आणि मिठाईवरचा चांदीचा वर्खही ९९९ शुद्धतेचा असावा लागतो. धातू नेमका कोणता, त्याचा कस किती आणि तो कशात मिसळला आहे, हे विचारल्यावाचून भरवेलीत एक ट्रकही हलत नाही; तोच माणूस मुलाच्या केकवरचे खनिज मात्र कस न लावता गिळतो. उपाय साधा आहे: डबीवर खाद्य हा शब्द, घटकांची यादी आणि अन्न परवान्याचा क्रमांक असेल तरच ती पूड तोंडात जाणाऱ्या फुलावर लावावी, नाही तर बिटाचा, हळदीचा किंवा गोकर्णाचा रंग वापरावा, जो चमकत नसला तरी दवाखान्यात नेत नाही.

इतका खटाटोप करून खाण्यास सर्वार्थाने योग्य झालेले फूल शेवटी खातो कोण, हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर असे की कोणीही नाही. केक कापताना घरातली वडीलधारी बाई फूल दोन बोटांनी अलगद उचलून बशीत बाजूला ठेवते. साखरेचे असेल तर ते दिवाणखान्याच्या शोकेसमध्ये, खाणकामगारांच्या स्पर्धेत मिळालेल्या ढालीशेजारी विराजमान होते. तिथे काही आठवड्यांनी मुंग्यांची रांग लागते, आणि हे खरेच खाण्याचे होते, अशी कबुली घर प्रथमच देते. ही परीक्षाही निर्णायक मानता येत नाही, कारण मुंगी गोडी तपासते, विष नव्हे, आणि शिशाचे काही क्षार चवीला गोडच असतात. फूल खरे असेल तर पेच अधिक बिकट होतो: त्याला क्रीम लागलेले असल्याने ते केसांत माळता येत नाही, ते केकसोबत उष्टे झाल्याने देवाला वाहता येत नाही, आणि ते फुलवाल्याकडचे असल्याने त्याची भाजी करता येत नाही. तेव्हा ती बाई बशी घेऊन मागच्या दारी जाते, आणि निर्माल्याबरोबर ते फूल तुळशीच्या बुंध्याशी ठेवते. ज्याला तिन्ही वर्गांतून छाटले आहे त्याची व्यवस्था लावणारा एवढा एकच चौथा वर्ग घरात शिल्लक असतो.